लोककलावंतांना स्टेजवर सात मिनिटं नकोत, शिकवायला सकाळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय. पूर्ण छापता आलं तर उत्तम, नाहीतर जमेल तेवढं छापा, पण हलगीवाल्या काकांचा आणि मानधनाचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

आमच्या भांडुपला जानेवारीत तीन दिवसांचा महोत्सव झाला. खाऊचे स्टॉल, बचतगटांचे पापड-कुरडया, मुलांसाठी झोपाळे, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा हे नेहमीचं होतंच, पण यंदा पहिल्यांदाच गोंधळी, हलगी, वाघ्या-मुरळी आणि जाखडी (कोकणातला फेर धरून करायचा नाच) अशी चार मंडळं बोलावली होती आणि दुपारी त्यांचे वर्कशॉप ठेवले होते. बॅनरवर वाचलं तेव्हाच ठरवलं की तिन्ही दिवस जायचं. ज्यांच्या डोक्यात ही कल्पना आली त्यांचे मनापासून आभार मानते, आमच्याकडे असं याआधी कधी झालं नव्हतं. आणि म्हणूनच जे चुकलं तेही लिहितेय, कारण चुकलेलं सगळं सुधारता येण्यासारखं आहे आणि पुढच्या वर्षाची तयारी गणपती झाले की लगेच सुरू होते.

आधी स्टेजचं सांगते. गोंधळाला सात मिनिटं दिली होती. सात. त्याच्या आधी पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं यात पाऊण तास गेला, तोपर्यंत ती पाच माणसं अंगात झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून स्टेजच्या बाजूला जनरेटरच्या धुरात उभी होती, आणि मग निवेदिका म्हणाली की वेळेअभावी कलाकारांनी आपला कार्यक्रम आटोपता घ्यावा. त्यातल्या म्हाताऱ्या गोंधळ्याने संबळ कमरेला बांधला, नुसतं देवीचं नाव घेतलं, दोन कडवी झाली आणि साऊंडवाल्याने पुढच्या डान्सचा ट्रॅक लावला. मी पुढून तिसऱ्या रांगेत होते, त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी स्टेजला हात लावून नमस्कार केला आणि खाली उतरले.

ज्यांच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात त्यांना माहीत आहे की हा रात्रभराचा मामला असतो. आधी चौक मांडतात, पाटावर नवं कापड, त्यावर धान्य, कलश, वर उसाची नाहीतर कडब्याची पाच ताटं बांधून मखर करतात, दिवटी पेटवतात. मग एकेका देवाला नाव घेऊन बोलावतात, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, आणि घरातल्या माणसांच्या कुळातलं, गावातलं एकही दैवत सुटू नये म्हणून मधेमधे विचारून घेतात, तुमचं मूळ गाव कुठलं, ग्रामदेवता कोण. सगळे आले की मग आख्यान, त्यात हसवणं असतं, रडवणं असतं, आणि पहाटे आरती. आता हे सगळं फेस्टिवलमध्ये बसणार नाही हे मलाही कळतं, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात तसं आहे आणि ते योग्यच आहे, आमच्याही बिल्डिंगमध्ये आजारी माणसं आहेत. पण सात मिनिटांत लोकांना गोंधळातलं काय कळणार? पिवळा-लाल झगा आणि ढणढण आवाज एवढंच घेऊन लोक घरी गेले. माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने मला विचारलं, आंटी हे लोक कोण आहेत? मी सांगायला लागले तोवर डान्स सुरू झाला.

हेच गोंधळी दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपला होते आणि तिथे मला वेगळीच माणसं भेटली असं वाटलं. जिमखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे एरवी कॅरमचे बोर्ड ठेवतात, तिथे सतरंजी टाकली होती. अकरा मुलं आली होती आणि आम्ही चार बायका. म्हाताऱ्या बाबांनी संबळ सोडून मधे ठेवला, म्हणाले हात लावा, घाबरू नका. संबळ म्हणजे दोन वाद्यं एकत्र बांधलेली, एक मोठं खर्जातलं आणि एक छोटं चढ्या आवाजाचं, आणि दोन काठ्या, त्यातली एक सरळ आणि एक पुढून वाकलेली. एका मुलाने विचारलं की ही तुटली आहे का. बाबा म्हणाले नाही बाळा, मुद्दाम वाकवलीय, आणि मग त्यांनी सरळ काठीने वाजवून दाखवलं, मग तोच ठोका वाकड्या काठीने वाजवून दाखवला, आणि खोलीतल्या पंधराही जणांना फरक कानाने कळला, कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मग त्यांनी मुलांना मांडीवर हाताने ठेका धरायला लावला. तोंडाने बोल म्हणायचे, मांडीवर मारायचं. पोरं हात ताठ करून मारत होती. बाबा सारखे म्हणत होते मनगट सोड, मनगट सोड, खांद्यातून मारू नको. दहा मिनिटांत एक मुलगी, चौथी-पाचवीतली असेल, तिने बरोबर पकडलं, आणि बाबांनी काठ्या तिच्या हातात दिल्या आणि स्वतः तुणतुणं घेऊन तिच्या ठेक्याला साथ करायला बसले. संपादक साहेब, त्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही आणि बाबांचाही.

आणि तेवढ्यात बाहेर माईक टेस्टिंग सुरू झालं. हॅलो, चेक, वन टू थ्री, आणि मग संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राची गाणी फुल व्हॉल्यूमला. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच स्पीकर होता. बाबा दोन-तीन वेळा थांबले, मग मोठ्याने बोलून बघितलं, शेवटी थकले. दीड तासाचं वर्कशॉप पस्तीस मिनिटांत संपलं. मी स्वतः साऊंडवाल्याला सांगायला गेले, तो म्हणाला मॅडम मला फक्त स्टेजचं शेड्यूल दिलंय, वर्कशॉपचं मला कोणी बोललं नाही. त्याचीही चूक नाही. कागदावर वर्कशॉप आणि साऊंड चेक एकाच वेळेला होते आणि हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता हलगीचं. हलगी म्हणजे लाकडी नाहीतर लोखंडी कड्यावर ताणलेलं कातडं, आणि मुंबईची हवा अशी की कातडं लगेच ओल धरतं आणि सैल पडतं, आवाज बसतो, मग वाजवणाऱ्याला ती शेकून घ्यावी लागते. गावाकडे जाळ करतात, कडबा नाहीतर कागद पेटवतात, हलगी त्यावर फिरवतात, मधेमधे बोटाने टिचकी मारून बघतात. हलगीवाल्या काकांनी तेवढंच विचारलं होतं की कुठे दोन मिनिटं जाळ करता येईल का. व्हॉलंटियर मुलांनी सांगितलं मंडपात आग अलाऊड नाही. ते बरोबरच आहे, मंडपात आग नकोच. पण दुसरं काय करायचं हे कोणी सांगेना. काका सैल हलगी घेऊन तसेच उभे, वर्कशॉपची वेळ झालेली, आठ-दहा मुलं बसलेली. मी त्यांना म्हटलं चला माझ्याबरोबर, आणि गेटबाहेर चहाची टपरी आहे तिथे घेऊन गेले, टपरीवाला आमच्या ओळखीचा, त्याने पातेलं उतरवून शेगडी मोकळी करून दिली. मुलंही मागोमाग आली. काकांनी हलगी ज्वाळेपासून वीतभर वर धरली आणि गोल गोल फिरवायला लागले, एक क्षण थांबवायची नाही, थांबली की कातडं करपतं. आधी टिचकी मारली तेव्हा पुठ्ठ्यासारखा आवाज आला होता. अर्ध्या मिनिटाने जरा वर चढला. मग अजून वर. काकांनी पोरांना सांगितलं डोळे मिटा आणि ऐका, आणि तयार झाली की हात वर करा. पोरं टपरीसमोर डोळे मिटून उभी, रिक्षावाले थांबून बघतायत, आणि एका टिचकीला खणकन आवाज आला तसे सगळ्यांचे हात एकदम वर गेले. मग काकांनी एका हातात आखूड काठी आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत ती लांब बारीक काडी धरली आणि तिथेच फुटपाथवर वाजवलं. टपरीवाला चहा करायचा थांबला.

तीन दिवसांतलं सगळ्यात चांगलं वर्कशॉप ते होतं असं मी म्हणेन, आणि ते कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. हल्ली हलगीला प्लास्टिकचं पान बसवतात म्हणजे शेकायची भानगड राहत नाही, काका म्हणाले लग्नाच्या वरातीत तेच वापरतो, पण शिकवायला कातड्याचीच आणली कारण पोरांना कळलं पाहिजे. हा माणूस रात्रभर एसटीने प्रवास करून आला होता आणि त्याने आमच्या मुलांना कळावं म्हणून दोन हलग्या आणल्या होत्या. आपण त्यांच्यासाठी एक शेगडी आणि एक बादली पाणी ठेवू शकलो नाही.

वाघ्या-मुरळीच्या वेळी पण असंच. एका मुलाने दिमडी हातात घेतली आणि विचारलं हे कशाचं आहे. दिमडीला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं किंवा फायबरचं लावतात. वाघ्याने हे न लपवता सरळ सांगितलं, जुना आवाज कसा होता आणि आता का तसा नाही, आणि तसा नसला तरी चालेल कारण जनावर वाचलं पाहिजे. मुलांनी किती प्रश्न विचारले! शाळेत पर्यावरणाचा धडा असतो त्यात एवढे प्रश्न येत नाहीत असं माझी शिक्षिका असलेली भाची म्हणते.

मला हे सगळं इतकं का लागतं ते सांगते. माझे वडील गिरणीत होते, गाव संगमेश्वर तालुक्यातलं. परळला चाळीत आमची खोली होती आणि त्याच मजल्यावर गावकीची खोली होती, तिथे गावातले वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे, जो पाळीवरून यायचा त्याची वळकटी उघडायची आणि जो जायचा त्याची बंद व्हायची. शिमगा जवळ आला की त्या खोलीत नमनाची, म्हणजे कोकणातल्या सोंगांच्या लोकनाट्याची तालीम, गणपती जवळ आले की जाखडीची. मृदंगाची थाप ऐकू आली की आम्ही पोरं दारात जाऊन बसायचो. कोणी आम्हाला शिकवायला बसवलं नव्हतं. माझे बाबा एका पायात चाळ बांधून फेरात उतरायचे, मधे शाहीर आणि ढोलकीवाला बसलेले, आणि जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात, शक्तीवाल्यांनी सवाल टाकला की तुरेवाल्यांनी गाण्यातूनच जवाब द्यायचा, रामायणातला, महाभारतातला, कधी अगदी गिरणीतल्या जॉबरवरचा, म्हणजे मुकादमावरचा. ज्याला लिहिता येत नव्हतं तो पण सवाल बांधायचा. मुलींना फेरात घ्यायचे नाहीत, पण दारात बसून मला ढोलकीचे सगळे ठेके पाठ झाले होते, अजून आहेत. आणि गौरीच्या रात्री मग आई-मावश्यांची पाळी, सूप नाचवायच्या, कळशी फुंकायच्या, सकाळी उठून परत पाण्याच्या रांगेत.

१९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा मी चौदा वर्षांची. अडीच लाख कामगार बाहेर होते. संपानंतर गावकीची खोली हळूहळू रिकामी झाली, कोणी गावी गेले, कोणी बदलापूर-विरारला, आम्ही भांडुपला. मृदंग कोणाकडे गेला ते आजपर्यंत कळलं नाही. नमन, शक्ती-तुरा थांबले नाहीत, परळच्या दामोदर नाट्यगृहात कितीतरी वर्षं प्रयोग होत राहिले, गावच्या शाळेसाठी, देवळासाठी तिकिटं खपवून. मी स्वतः तिकिटं खपवली आहेत. पण तालमीची खोली गेली, आणि खोली गेल्यावर दारात बसून शिकणारी पोरं पण गेली. मुंबईला लोककला बाहेरून आणावी लागत नव्हती हे मला म्हणायचंय. इथे त्या शिकल्या जात होत्या. लाल बावटा कलापथक १९४४ ला याच मुंबईत उभं राहिलं, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर, आणि मग संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी शाहिरांना ऐकायला नरे पार्क, कामगार मैदान भरून जायचं. लोकशाहीर विठ्ठल उमप नायगावच्या चाळीतले. लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण गिरगावातल्या, लहानपणी मेळ्यात काम करायच्या, पद्मश्री मिळाली २०२२ ला. मेळा म्हणजे गणेशोत्सवात गाणी-नाटुकली करणारं पथक, ते त्या काळचं वर्कशॉपच होतं, मोठ्यांच्या शेजारी उभं राहून शिकायचं.

आणि अजूनही माणसं आहेत हो. आमच्या भांडुपच्या टेकडीवर नमनातला संकासुर करणारा माणूस राहतो, दिवसा सिक्युरिटीची ड्युटी करतो. डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनाचे भजनीबुवा आहेत. सकाळच्या लोकलमध्ये भजन म्हणणाऱ्या ग्रुपमधले टाळकरी आहेत, त्यांच्याकडून गर्दीत तोल सांभाळून टाळ कसा धरायचा हे शिकण्यासारखं आहे. बेंजो पार्टीतली मुलं आहेत, आपण त्यांना फक्त मिरवणुकीत आवाज करणारे समजतो, पण तो बेंजो म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचं जपानी वाद्य, टाईपरायटरसारखी बटणं असलेलं, आणि मुंबईच्या पोरांनी त्याला इलेक्ट्रिक करून त्यावर कोळीगीतं अशी बसवली की आता ते कोळीवाड्याचंच वाटतं. ही गोष्ट एखाद्या बेंजोवाल्याने वाद्य उघडून मुलांना दाखवली तर? आगरी लग्नात धवलारीण असते, धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडणारी बाई, अजून ठाणे-रायगडच्या बाजूला आहेत, त्यातल्या बऱ्याच जणींचं वय झालंय. एकीला जरी आपल्याकडे बसवून नुसतं ऐकलं तरी किती मिळेल.

तारप्याचं तर मला राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्या सोसायटीच्या कंपाऊंड वॉलवर वारली पेंटिंग आहे, हल्ली सगळ्याच सोसायट्यांच्या असतं. त्यात मधे एक माणूस लांब वाद्य फुंकतोय आणि भोवती माणसांचा सापासारखा फेर धरलाय. तो माणूस तारपा वाजवतोय. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानाचं गुंडाळलेलं तोंड यातून ते वाद्य होतं, आणि वाजवणारा श्वास तोडत नाही, गाल भरून ठेवतो आणि नाकाने हवा घेतो, नाचणारे त्याच्या सुरावर वळतात. आमच्याकडे त्या भिंतीपुढे रोज मुलं सेल्फी काढतात आणि एकानेही तारप्याचा आवाज ऐकलेला नाही. वारली पाडे आरेमध्ये आहेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये आहेत. भांडुपहून तासाभराच्या अंतरावर. तारपावाल्याला आपण बोलावलं तर त्याला रात्रभर एसटीत बसावं लागणार नाही, आणि खरं तर त्याला इकडे बोलावण्यापेक्षा मुलांनाच तिकडे न्यावं, त्यांना आधी विचारून, त्यांच्या सोयीने.

मला काही जण म्हणाले ताई, लोकांना रस नाही, अकरा मुलं आली ना फक्त. गोंधळाच्या वर्कशॉपला अकरा आली. हलगीच्या वेळी टपरीवरून परत येताना सोळा-सतरा होती, आणि तिसऱ्या दिवशी जाखडीला मी मोजली, अठ्ठावीस, त्यातल्या चौदा मुली. मुलींना फेरात घेतलं. मी एका कोपऱ्यात उभी राहून बघत होते आणि शेवटी शाहिरांनी मला विचारलं तुम्ही मघापासून हाताने ठेका धरताय, कुठे शिकलात? मी सांगितलं परळला, दारात बसून. त्यांनी ढोलकी पुढे केली. सत्तावन्न वर्षांच्या वयात मी पहिल्यांदा ढोलकीवर हात ठेवला आणि मला ठेका आला. घरी येऊन रडले मी.

अजून एक अडचण आहे आणि ती मी बाजूला टाकणार नाही. सगळं शिकवता येत नाही. गोंधळी बाबांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं की देवीचं आवाहन आणि माळेचे विधी मी इथे शिकवणार नाही, ते घराण्यात दीक्षा घेतल्यावर मिळतं, ठेका शिकवतो, गोष्टी सांगतो, वाद्य दाखवतो. त्यांचा तो मान आपण ठेवला पाहिजे. एक बाई मोबाईल काढून म्हणाल्या बाबा ते आवाहन पण म्हणून दाखवा ना, रील करायचीय, बाबा नुसते हात जोडून हसले. आयोजकांनी आधीच कलावंताला विचारून घ्यावं की काय शिकवणार, काय नाही, शूटिंग चालेल का, आणि ते दारावर लिहून लावावं. आणि सगळेच चांगले कलावंत चांगले शिकवतात असंही नाही, त्यांच्यासोबत कोणीतरी बोलकं माणूस बसवावं लागतं. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथे लोककला शिकलेली तरुण मुलं-मुली आहेत, त्यांना विचारता येईल, त्यांनाही काम मिळेल.

आता पैशाचं. हे लिहिताना मला त्रास होतोय पण लिहायलाच हवं. पाच जणांचं मंडळ, येण्याजाण्याचं भाडं, दोन दिवस कामाचा खाडा, आणि त्यांना मिळालं काय, तर शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि चेक नंतर पाठवतो असं आश्वासन. मी मार्च संपता संपता त्यांना फोन केला होता, तोपर्यंत चेक पोचलेला नव्हता. वर्कशॉपचे वेगळे पैसे तर धरलेच नव्हते, ते म्हणे कार्यक्रमातच इन्क्लूड आहे. ऑर्केस्ट्रावाल्यांना ॲडव्हान्स दिल्याशिवाय ते गाडीत बसत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे, तेच यांनाही लागू करा. ज्येष्ठ कलावंतांना सरकार महिना ५००० रुपये मानधन देतं, ज्यांना मिळतं त्यांना आधार होतो, पण ते वयाच्या पन्नाशीनंतर आणि कागदपत्रं जमवून अर्ज मंजूर झाल्यावर. मधल्या वयातला हलगीवाला वरातीवर आणि शेतमजुरीवर जगतो. आपण त्याला शिक्षक म्हणून बोलावतो तर शिक्षकासारखे तासाचे पैसे त्याच दिवशी हातात द्यायला काय हरकत आहे? मुरळी म्हणून आलेल्या दोघी बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती, त्यांनी बचतगटाच्या स्टॉलमागे चादर धरून साड्या बदलल्या, चादरीचं एक टोक मी धरलं होतं. जेवण साडेतीनला आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रमच उलटा करा. संध्याकाळच्या स्टेजवरची लोककलेची सात-सात मिनिटं काढून टाका, नाही दिली तरी चालतील. त्याऐवजी महोत्सवाच्या आधीचे चार रविवार सकाळी दहा ते बारा पालिका शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये वर्कशॉप ठेवा, एका वेळी एकच कला, तोच गुरू चारही रविवार. जवळ राहणारे कलावंत घेतले तर हे सहज जमतं, राहण्याजेवणाचा खर्चही वाचतो. लाऊडस्पीकर लागतच नाही. आणि मग महोत्सवात शेवटच्या दिवशी शिकलेली मुलं आणि त्यांचे गुरू यांना मिळून अखंड एक तास द्या, मधे सत्कार नको, भाषण नको. त्या चौथी-पाचवीतल्या मुलीला पस्तीस मिनिटांत संबळ धरता आला, चार रविवारांत तिला काय काय येईल याचा विचार करा. बाहेरगावचं मंडळ बोलवायचं तर एकच बोलवा, पण त्याला अख्खी संध्याकाळ द्या, सहा ते दहा, चौक मांडू दे, देव बोलावू दे, आणि लोकांना खाली सतरंजीवर बसवा. फायर ब्रिगेडच्या नियमात बसेल अशी शेगडीची जागा मंडपाबाहेर ठेवा. मुंबईत दर हिवाळ्यात गल्लोगल्ली असे महोत्सव होतात, हे पत्र त्या सगळ्यांसाठीच आहे, फक्त आमच्या भांडुपसाठी नाही.

मी स्वतःपुरतं सुरू केलंय. आमच्या बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसची खोली रविवारी बंद असते, सेक्रेटरींकडून सकाळी दोन तास मागून घेतलीय. जाखडीचे ते शाहीर कांजूरमार्गलाच राहतात हे त्या दिवशी कळलं, ते यायला तयार आहेत, त्यांचे पैसे आम्ही नऊ पालक मिळून देतो, आल्या दिवशी हातात. सध्या सात मुलं आणि मी. ढोलकी एकच आहे, तीही शाहिरांची, म्हणून ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी ढोलकी, मृदंग, टाळ पडून असतील, पुडी फाटलेली असली तरी चालेल, आम्ही बसवून घेऊ, त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवलं तर मी येऊन घेऊन जाईन. परळच्या गावकीच्या खोलीतला मृदंग कोणाकडे असेल तर त्यांनीही.

आपली नम्र,
एक वाचक, भांडुप (पश्चिम), मुंबई